‘दुप्पट’ म्हणण्याआधी अपेक्षित आकडा बघा

कर्करोगाच्या भागवार नकाशावरच्या लेखात, नकाशातल्या लाल भागांत धोका ‘दुप्पट’ आहे, असं सरळ ठोकून दिलंय. हे अजिबात पटलं नाही. वयानुसार हिशेब करून एखाद्या छोट्या भागात 2 रुग्ण अपेक्षित असताना 4 सापडले, की सापडलेल्या आणि अपेक्षित रुग्णांचं गुणोत्तर दुप्पट होतं खरं. पण पॉयसाँ वितरणानुसार (म्हणजे दुर्मीळ घटना योगायोगाने किती वेळा घडतील, हे सांगणाऱ्या गणिती सूत्रानुसार) 4 किंवा त्याहून जास्त रुग्ण निव्वळ योगायोगाने सापडण्याची शक्यता सुमारे 14 टक्के असते. असे 200 भाग घेतले, तर धोका सगळीकडे सारखा असूनही 28-एक भाग लाल दिसतील!

असे नकाशे माझ्या रोजच्या कामातले. सर्वांत लाल आणि सर्वांत हिरवे (अपेक्षेपेक्षा खूप कमी रुग्णांचे), दोन्ही भाग बहुतेकदा कमी वस्तीचेच निघतात, कारण तिथे एक-दोन रुग्णांनीही गुणोत्तर खूप हलतं. आधी सगळ्या भागांतला फरक योगायोगापेक्षा जास्त आहे का, हे एकत्र तपासा, मग एकेकाकडे बोट दाखवा. तिथे राहणारी माणसं घाबरतात हो.