सीटबेल्टवरची पुराची रेघ

गॅरेजवाल्या मामांनी मागच्या डाव्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि म्हणाले, "ताई, हे बघा." पट्ट्याचा जो भाग एरवी कधीच बाहेर येत नाही तिथे एक तपकिरी रेघ होती. रेघेच्या खाली मातकट, वर काळाभोर. आम्ही कऱ्हाडची माणसं, कृष्णा-कोयनेच्या काठावर वाढलेली. पूर ओसरल्यावर भिंतीवर जी रेघ राहते ती आम्हाला कुणी समजावून सांगावी लागत नाही.

आबा शेजारीच उभे होते. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीच्या पैशांतले ४ लाख ३५ हजार देऊन त्यांनी ही गाडी घेतली होती, आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेता यावं म्हणून. ते एवढंच म्हणाले, "जुनी गाडी आहे पोरी. असायचंच काहीतरी. आपलंच चुकलं."

त्या शेवटच्या दोन शब्दांसाठी ही पोस्ट लिहिते आहे. कारण आबांचं काहीही चुकलं नव्हतं, आणि हे पटवून द्यायला मला त्यांच्याशीच महिनाभर भांडावं लागलं.

गाडी २०१९ चं मॉडेल, रत्नागिरी पासिंग. २०२२ च्या दिवाळीनंतर पुण्याकडच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली. ओळखीचा फिटर नेला होता, त्याने चालवून बघितली, इंजिनाचा आवाज ऐकला, ठीक म्हणाला. अकराव्या दिवशी उंब्रजजवळ महामार्गावर स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. मागे ट्रक होता. आई मागच्या सीटवर होती. त्यानंतर सेंट्रल लॉक आपोआप उघडायचं, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहायचा. दोन ठिकाणी वायरिंग करून घेतलं, १८ हजार गेले. तिसऱ्या ठिकाणी मामांनी कार्पेट उचललं. खाली वाळलेला गाळ, सीटच्या रुळांवर गंज, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट पापुद्रा. आणि मग तो बेल्ट.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळुणात शिरलं. कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगाराच्या भावात कुणीतरी उचलतं. धुऊन, वाळवून, सीट कव्हर घालून, अत्तर मारून ती दूरच्या शहरात विकायला उभी राहते. अशी गाडी दुरुस्त करून विकणं गुन्हा नाही. "पुरात होती, म्हणून स्वस्त देतोय" असं सांगून विकली तर घेणारा विचार करून घेईल. आम्हाला मात्र कोरड्या गाडीच्या भावाने बुडालेली गाडी दिली गेली.

झीज आणि लपवाछपवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायर गुळगुळीत झालेत, क्लच वर आलाय, शॉकॲब्सॉर्बर कुरकुरतात, ही झीज. ती आपण किमतीत धरलेली असते, त्याची तक्रार करू नये. पण विकणाऱ्याला जे माहीत होतं आणि त्याने जे झाकलं, ते कुठल्याच किमतीत धरलेलं नसतं. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमात हे स्पष्ट आहे: माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं म्हणजे कपट. आणि कलम १९ प्रमाणे ज्याची संमती अशा कपटाने मिळवली, त्याला तो करार रद्द करता येतो. म्हणजे दीडशे वर्षं हा हक्क आपल्याकडे आहे आणि आपण "जुनी आहे, असायचंच" म्हणत बसतो.

सगळे मला विचारत होते, "पण सही केली होती ना?" केली होती. "गाडी पाहून, चालवून, पसंत करून जशी आहे तशी घेतली, पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही." छापील कागद, खाली आबांची सही. हा कागद दाखवून व्यापारी ग्राहकाला दारातूनच परत पाठवतो. वकील मैत्रिणीने मला नीट समजावलं. १९३० च्या माल विक्री कायद्यात मुळात ग्राहकानेच सावध राहावं असं धरलेलं आहे. पण विकणारा त्याच धंद्यातला असेल, गाडी कशासाठी हवी हे त्याला माहीत असेल आणि आपण त्याच्या जाणकारीवर विसंबलो असू, तर वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे. ही अट करार करून बाजूला ठेवता येते हे खरं. पण कपटाला अशा सहीने संरक्षण मिळत नाही. खोटं बोलून घेतलेली सही त्या खोट्याला धुऊन काढत नाही.

आमचं प्रकरण उभं राहिलं ते एका व्हॉट्सॲप मेसेजवर. टोकन देण्याआधी मी विचारलं होतं, "रत्नागिरी पासिंग आहे, पुरात नव्हती ना?" उत्तर आलं होतं, "नाही मॅडम, गाडी तेव्हा रत्नागिरीतच होती." तेव्हा मी सहज विचारलं होतं. आता कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की मी हात जोडून सांगते, तीन प्रश्न लिहूनच विचारा: पाण्यात होती का, मोठा अपघात झालाय का, मीटर खरा आहे का. तोंडी उत्तराची नंतर कुणी आठवण ठेवत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉटही ठेवा. आमच्या जाहिरातीत 'नॉन-ॲक्सिडेंट, एकहाती, फुल कंडिशन' लिहिलेलं होतं आणि तक्रार गेल्यावर ती जाहिरात दोन दिवसांत गायब झाली.

दुसरा पुरावा कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये गाडी टो करून आणल्याची, पाणी शिरल्याची नोंद होती. अंदाजपत्रक केलेलं, काम मात्र तिथे झालेलं नव्हतं. विम्याच्या कागदातही खूण होती आणि ती आम्ही आधीच वाचायला हवी होती. मार्च २०२२ च्या पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य होता. क्लेम न घेतलेल्या तीन वर्षांच्या गाडीला तो ३५ टक्के असतो. शून्य म्हणजे पूरच असं नाही, पॉलिसीत खंड पडला किंवा मालक बदलला तरी शून्य होतो. पण मालक एकच आणि बोनस शून्य, म्हणजे प्रश्न विचारायलाच हवा.

व्यापाऱ्याचं पहिलं उत्तर ऐकून मी हादरले. "गाडी माझी नाहीच. आरसीवर माझं नाव आहे का? मी फक्त मध्यस्थ, मूळ मालकाशी बोला." आरसी खरंच मूळ मालकाच्या नावावर होती, मालकी बदलायच्या अर्जांवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर, त्याच्या आधीच सह्या घेऊन ठेवलेल्या. या धंद्यात वर्षानुवर्षं असंच चालत आलं. पण पैसे व्यापाऱ्याच्या खात्यात गेले होते आणि पावती त्याच्या लेटरहेडवर होती, त्यामुळे त्याला हात झटकता आले नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून याबद्दल वेगळे नियम लागू झाले आहेत. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन खात्याकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना सरकारच्या वाहन पोर्टलवर गेली की तो व्यापारी मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक, ठरतो. म्हणून आता शोरूममध्ये गेलात की आधी ते प्रमाणपत्र मागा. नसेल तर सरळ उठून या.

त्याने ४० हजार देऊ केले. "वायरिंग करून घ्या, विषय संपवा." आबा हो म्हणायच्या बेतात होते. मी त्यांना उंब्रजचा तो ट्रक आठवून दिला. एअरबॅगचा दिवा लागलेली गाडी ४० हजार घेऊन चालवायची, की दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालायची?

आम्ही रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आणि सातारा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. व्यापारी पुण्याकडचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, आणि ती निघून जाते, कारण माणसं "बघू, करू" म्हणत गॅरेजच्या चकरा मारतात. ऑनलाइनही तक्रार करता येते, आणि आधी चौकशी करायची तर १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. दोष समजल्यावर मात्र गाडी खोलून दुरुस्त करू नका. आधी अधिकृत वर्कशॉपकडून लेखी तपासणी अहवाल घ्या, फोटो काढा, बदललेले भाग जपून ठेवा. आम्ही पहिल्या दोन दुरुस्त्यांत काढलेल्या वायरी तिथेच सोडून आलो होतो.

कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. आम्हाला चौदा महिने लागले. प्रत्येक तारखेला आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचे आणि कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. शेवटी मध्यस्थीत तडजोड झाली: ४ लाख १० हजार परत, गाडी व्यापाऱ्याकडे. त्या दिवशी बाहेर चहा घेताना आबा म्हणाले, "आपलं चुकलं नव्हतं म्हणायचं." मला रडू आवरलं नाही.

गाडी घरगुती मालकाकडून थेट घेतली असेल तर गोष्ट अवघड होते. तो धंदा करत नाही, म्हणून ग्राहक आयोग सहसा उपयोगाचा नाही. करार कायदा तिथेही आहेच, पण दिवाणी न्यायालयात जावं लागतं. शेजारी, भाऊबंद, ओळखीचे असले तरी चार ओळी लिहून घ्या. त्यात कुणाचा अपमान नाही.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली तर ३० दिवसांत परत करता येते. आणि पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष आधीपासूनच होता असं धरतात, तो नव्हता हे व्यापाऱ्याने सिद्ध करायचं. आपल्याकडे ते ओझं एसटीच्या निवृत्त कंडक्टरच्या खांद्यावर. अमेरिकेत अनेक राज्यांत बुडालेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावरच तसा शिक्का बसतो. आपल्या आरसीवर असं काहीच नसतं. विमा कंपनीकडे नोंद आहे, वर्कशॉपकडे नोंद आहे, आणि वाहन पोर्टलवर ती दिसत नाही. ही एक ओळ तिथे दिसू लागली तरी किती घरांचे पैसे वाचतील.

तडजोडीत मी एक अट लिहून घेतली आहे, की पुढच्या घेणाऱ्याला ही गाडी पुरातली असल्याचं लेखी सांगायचं. ती पाळली जाते की नाही हे बघायला कुणी नाही. गाडी पांढरी आहे, हॅचबॅक, २०१९ चं मॉडेल, एमएच ०८ पासिंग. तुमच्याकडे कुणी दाखवायला आणली तर मागच्या डाव्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा.