रोजचे दहा फूट

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं म्हणणाऱ्यानं कोंबडं नक्की डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली झाकलं असणार. सरकत्या पिंजऱ्यात, म्हणजे रोज सकाळी ओढून ताज्या गवतावर न्यायच्या बिनबुडाच्या खुराड्यात झाकलं असतं, तर तांबडं फुटायच्या आत तो दोरी खांद्यावर घेऊन उभा असता आणि म्हणी करायला त्याला सवड मिळाली नसती.

पैदाशीचे पक्षी वेगळे ठेवायचे ते बापाबद्दल वाद नको म्हणून. कडकनाथची म्हणून दिलेल्या अंड्यातून तांबडं पिलू निघालं की गिऱ्हाईक ते पिशवीत घालून दारात हजर! म्हणून प्रत्येक जातीचं बिऱ्हाड वेगळ्या पिंजऱ्यात. एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या, एका नर बदकाला पाच-सहा माद्या. माद्या कमी पडल्या तर त्यांच्या पाठीवरची पिसं आठवडाभरात उडालेली दिसतात. आणि कोंबडा बदलला तरी आधीच्याची सत्ता लगेच संपत नाही, त्याचं बीज कोंबडीच्या पोटात टिकून असतं. पुढच्या तीन आठवड्यांची अंडी निमूटपणे तव्यावर.

नर बदक मात्र कोंबड्यांत चुकूनही सोडू नये. त्याची शरीररचना कोंबड्यापेक्षा वेगळी असते, कोंबडीला आतून इजा होऊन ती मरतेसुद्धा. नर ओळखायचा शेपटीवरच्या वळलेल्या पिसावरून आणि बसलेल्या घशावरून. दिवसभर कलकलाट करते ती मादी. (यावर मी काही बोलणार नाही, घरात राहायचं आहे.)

आता पिंजरा. माप १० फूट बाय ६ फूट, उंची अडीच फूट. यात सगळं भांडण वजनाशी आहे. एक इंची लोखंडी पाइपचा केला तर नुसता सांगाडाच ५० किलोच्या आसपास जातो. तो ओढायला बैल लागतो. पीव्हीसीचा केला तर हलका होतो, पण मे महिन्याच्या उन्हात वाकतो आणि पहिल्याच वळवात शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन पडतो. बांबू मधला मार्ग, तोही भुंगा लागेपर्यंतच. मी बांबूच्या बाजूचा आहे, पण खालची चौकट लोखंडी हवी. चार कोपऱ्यांना दोन-दोन फुटी सळया ठोकून दोरीनं बांधायचं. सकाळी ओढण्यापूर्वी चारही सळया काढायच्या. तीनच काढल्या तर पिंजरा पुढे जात नाही, घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतो आणि रस्त्यावरचा माणूस हटकून विचारतो, "काय, तेल काढताय का?"

जाळी अर्ध्या इंची वेल्डमेशच (तारा वेल्डिंगनं जोडलेली चौकोनी जाळी) घ्यावी. षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. मुंगूस खालून येतो, म्हणून दीड फुटाची जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून ठेवायची. ओढताना ती उचलून बांधायची, नाहीतर ती वाटेतलं सगळं गवत गोळा करत येते.

चाकं जुन्या सायकलची चालतात, पण कायमची ठोकू नयेत. तसं केलं की चौकट रात्रंदिवस तीन इंच वर राहते आणि मुंगसाला दरवाजाच मिळतो. आस तरफेवर बसवायचा: दांडा दाबला की चाक खाली आणि चौकट वर, सोडला की चौकट जमिनीवर. उचल दोन इंचच. जास्त झाली तर कोंबडी बाहेर, कमी झाली तर मागची पट्टी पायाच्या बोटांवर. मागे रेंगाळणारी एखादी असतेच, म्हणून ओढायचं ते हातभर आणि थांबायचं, पुन्हा हातभर.

कोंबड्यांना उपाशीपोटीच हलवावं. पुढच्या टोकाला भरडा टाकला की त्या आपण होऊन चालतात. बदकं भरड्याला भुलत नाहीत. ती एकमतानं, एका रांगेत, नेमकी उलट दिशेला जातात. त्यांना मागून फळी घेऊन ढकलायला दुसरा माणूस लागतो. शिवाय बदक पहाटे मनाला येईल तिथे, गवतात अंडं घालतं. ती गोळा केल्याशिवाय पिंजरा हलवला तर पट्टीखाली कच्चं ऑम्लेट. म्हणजे कोंबड्या सहाला, बदकं नऊला. तोवर ऊन डोक्यावर. बदकांना नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी लागतं. ते घमेलं आधी रिकामं करायचं. वीस लिटर म्हणजे वीस किलो, हे मला दरवेळी अर्ध्या वाटेत आठवतं.

एवढा खटाटोप जमिनीसाठी. पिंजरा एका जागी राहिला की विष्ठेतून रक्ती हगवण पसरते, म्हणून महिनाभर त्याच जागी परतायचं नाही. रोज दहा फूट म्हणजे महिन्याला १८०० चौरस फूट, एका पिंजऱ्यामागे दीड गुंठ्याच्या वर. पावसाळ्यात काळ्या मातीत हा हिशोब चाकासकट रुततो. तेव्हा सरळ भाताच्या तुसाचा चार इंची थर देऊन पिंजरा छपराखाली घ्यावा.

अंड्यावर पेन्सिलनं तारीख आणि पिंजऱ्याचा नंबर घालायचा, निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवायचं आणि आठवड्याच्या आत उबवणीला लावायचं. बदकाचं अंडं चिखलानं माखलेलं असलं तरी धुवायचं नाही.

आणि मग एक कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते ती उठतच नाही. नेमकी पुढच्या कोपऱ्यात, दोरीच्या गाठीपाशी. हात घातला की टोचते, पिंजरा हलवला तर किंचाळते, आणि बाकीच्या तिच्याखाली रोज ताजी अंडी सरकवून जातात. तिला दिवसा हात लावू नये. रात्री अंधारात दोन्ही हातांनी उचलावं, गोठ्यात तूस पसरून दहा अंडी मांडावीत, तिला वर बसवावं आणि वरून माळ्यावरचं जुनं डालगं झाकावं. ते एका हातानं उचलतं.