‘सहा महिने झोपली होती का?’

गर्भपाताची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘कायद्याने चोवीस आठवडे, म्हणजे सहा महिने दिलेत. तोवर बाई झोपली होती का? त्यानंतर बाळ जगू शकतं, म्हणून विज्ञानानेच तिथे रेषा आखली. मुदत सैल केली की मुलींचे गर्भ पडणार.’

आधी हिशेब. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पहिले दोनेक आठवडे दिवस गेलेलेच नसतात, आणि पाळी चुकल्याचं ध्यानात येईपर्यंत डॉक्टरच्या कागदावर पाचवा आठवडा लागलेला असतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर पाळी चुकल्याचं कळणार कसं?

शिवाय चोवीस आठवडे सगळ्यांना नाहीतच. २०२१च्या दुरुस्तीनंतरही सरसकट मुदत वीसच आहे. पुढचे चार फक्त नियमांत मोजून दिलेल्यांना: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अशा काहींना. अविवाहितेला त्यात जागा मिळायला २०२२चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला.

आता विज्ञानाची रेषा. १९७१च्या कायद्यात ती विसावर होती. २००८ साली मुंबईतल्या एका जोडप्याला गर्भाच्या हृदयातला दोष विसाव्या आठवड्यानंतर कळला. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. आज तीच बाई मेडिकल बोर्डापुढे, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळापुढे, जाऊ शकते, कारण गर्भात गंभीर व्यंग असेल तर आता वरची मुदतच नाही. इथे माझी अडचण होते. बाळ जगू शकतं म्हणून रेषा, तर व्यंग निघताच ती पुसली कशी जाते? आणि जगण्याची शक्यता तरी मुंबईत आणि गडचिरोलीत कुठे सारखी आहे!

मुलींच्या गर्भाचं म्हणाल, तर सोनोग्राफीत लिंग चौदाव्या आठवड्याच्या आसपासही दिसू शकतं. विसाची मुदत तिथे काय अडवणार? त्यासाठी गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४चा वेगळा कायदा आहे, तो नीट राबवा.

एक मात्र खरं. २०२३मध्ये दोन मुलांच्या आईचं, सव्वीस आठवड्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा गर्भ जिवंत जन्मू शकतो, तर त्याचं हृदय आधी थांबवायचं का, असं एम्सच्या डॉक्टरांनीच विचारलं. न्यायालयाने शेवटी नकार दिला. मला तो निकाल पटला नाही, पण डॉक्टरांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता.

राहिला झोपेचा मुद्दा. २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या बलात्कारपीडित मुलीला मुंबई उच्च न्यायालयाने ४ एप्रिलला नाही म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला हो म्हटलं, तोवर तीस आठवडे होत आले होते. पुढच्याच आठवड्यात, मुलीच्या जिवाच्या काळजीने आईवडिलांचं मन बदललं आणि न्यायालयाने आदेश मागे घेतला. मधले अठरा दिवस त्या मुलीने घालवले नव्हते.