चाच्यांचा हिशेब

2024 च्या मार्चमध्ये आपल्या नौदलाने ‘रुएन’ जहाज सोडवलं. 17 खलाशी सुखरूप सुटले, 35 सोमाली चाचे मुंबई पोलिसांच्या हवाली झाले. तेव्हापासून बडोद्याच्या, दांडिया बाजारातल्या आमच्या मामांचं एकच पालुपद: “तिथेच बुडवायचे होते मेल्यांना! आता आपल्या पैशाने तुरुंगात जेवतील.”

मी लंडनला जहाजांच्या विम्यात काम करतो. इथे चाच्यांवर कोणी चिडत नाही. सोमालियाजवळच्या एडनच्या आखातातून जायचं तर जादा हप्ता, जहाजाच्या किमतीच्या अमुक टक्के, बहुधा सात दिवसांपुरता. धोका वाढला की टक्का वाढतो आणि भाड्यातून फिरत फिरत बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखानदाराच्या बिलात उतरतो. या थंडपणापेक्षा मला मामांचा राग बरा वाटतो. फक्त तो भलत्याच माणसावर निघतोय.

जागतिक बँकेने 2013 साली या धंद्याचा अंदाज मांडला. 2005 ते 2012 या काळातली खंडणी 33.9 ते 41.3 कोटी डॉलर. होडीतल्या पोराला एका जहाजामागे 30 ते 75 हजार डॉलर. स्वतःची बंदूक किंवा शिडी आणली तर वर दहा हजारांपर्यंत. (शिडीलाही बोनस!) त्यातून जेवणाची आणि ‘खात’ या नशेच्या पाल्याची उधारी कापून घेतात. मलई पैसे लावणाऱ्याची.

1991 मध्ये सोमालियाचे हुकूमशहा सियाद बारे यांची राजवट कोसळली, किनाऱ्याला राखणदार उरला नाही, परदेशी ट्रॉलर मासळी उपसून नेऊ लागले, हे खरंच. पण इकडे काहींना चाचा म्हणजे नाडलेला कोळीच वाटतो, ते मला पटत नाही. तेलवाहू जहाज महिनोन्महिने अडकवून ठेवायला किनाऱ्यावर कुणा दांडग्याचा आसरा लागतो. नौदलं आणि जहाजांवरचे बंदूकधारी पहारेकरी यांनी 2012 नंतर हा धंदा जवळपास बंद पाडला. 2023 च्या अखेरीस सगळ्यांचं लक्ष लाल समुद्रात जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनच्या हूथी बंडखोरांकडे वळलं, तशा होड्या पुन्हा निघाल्या.

आणि बदल्याचा हिशेब खलाशांना चुकवावा लागतो. 2011 मध्ये ‘अस्फाल्ट व्हेंचर’ची खंडणी पोचली, जहाज सुटलं, पण भारताने आपले साथीदार पकडलेत म्हणून चाच्यांनी सात भारतीय खलाशी ठेवून घेतले. ते सुटले 2014 मध्ये.

मामांना फोनवर हे सांगितलं, तर म्हणाले, “मग त्या शेठला धरा की!”

धरला होता एक. ‘अफवेने’ म्हणून ओळखला जाणारा मोहम्मद अब्दी हसन. तुझ्या आयुष्यावर सिनेमा काढतोय, अशी थाप मारून बेल्जियमच्या पोलिसांनी त्याला 2013 मध्ये ब्रुसेल्सला बोलावलं आणि विमानतळावरच बेड्या घातल्या. 2016 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली.