टायरची खांदशेकणी

आमच्या गाडीचे पुढचे दोन टायर घासून चिकने होत चाललेत अन् मागचे दोन अजून ताठ आहेत, हे माझ्या नाही, दारव्ह्याच्या पंक्चरवाल्या काकांच्या ध्यानात आलं. खाचेत नख घालून म्हणाले, "हा बारका उंचवटा दिसते का? टायर घासत याच्या बरोबरीले आलं का समज १.६ मिलीमीटर रायलं, मंग फेकाच लागते. तुयं अजून जराक वर हाय. किती चालवली?"

"बावीस हजार."

"अन् टायर अदलाबदल?"

मी आभाळाकडे पाहिलं.

"दर आठ-दहा हजाराले करा लागते बावा!"

कारण असं की इंजिनाचं वजन पुढं, गाडी ओढायची पुढच्या चाकांनी, वळवायची त्यांनीच, ब्रेकचा जोरही जास्त त्यांच्यावरच, मागचे दोघं नुसते लग्नातल्या वऱ्हाड्यांसारखे मागं मागं येतात (वऱ्हाडातच राहतो म्हणून बोलतो). म्हणून पुढचे सरळ मागं न्यायचे अन् मागचे पुढं आणताना ड्रायव्हर साइडचा क्लीनर साइडला, तिकडचा इकडं. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असला तर मात्र बाजू बदलायची नाही.

एवढं कळल्यावर पैसे कशाला द्यायचे, म्हणून घरीच अंगणात जॅक लावला. श्रावण सरत आलेला, काळी माती, मी जसजसा हँडल फिरवतो तसतसा जॅक खाली चाललाय अन् गाडी जागच्या जागी. मग आईचा बसायचा पाट खाली घातला. तो मधोमध तडकला, त्याबद्दल नंतर जे ऐकलं ते इथं लिहीत नाही. नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे असतात हे मला चाक हवेत पान्यासंगं गरगर फिरायला लागल्यावर कळलं. जॅक एकच, म्हणून एका जागी स्टेपनी लावायची, निघालेलं चाक दुसरीकडं, असं करता करता कोणतं चाक कुठलं हेच विसरलो अन् शेवटी खडूनं नंबर टाकले.

बाबा बाजेवरून पाहत होते. "उजव्या अंगाचा बैल डाव्या अंगाले जुंपला का बिथरते."

"बाबा, हे टायर हायेत."

"मंग ओढते कोण?"

चार तास गेले. दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणून संध्याकाळी बाबांनी बैलांची खांदशेकणी केली, म्हणजे त्यांच्या खांद्याला हळद-लोणी लावून उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं, हात पुसत गाडीकडे आले, पुढच्या चाकांकडे पाहिलंही नाही, सरळ मागं गेले अन् तिथल्या त्या दोन घासलेल्या टायरांवर थाप मारून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."