जुनं लोखंड दणकट असतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

गेल्या रविवारी माझ्या भाच्यानं फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, बघ! सव्वादोनशे डॉलरमध्ये पडली." फोटोत १९०३ स्प्रिंगफील्ड, म्हणजे पहिल्या महायुद्धात अमेरिकी फौजेनं वापरलेली रायफल. दस्ता पुढून कापून आखूड केलेला, वर दुर्बीण बसवलेली. त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या आजोबांची होती म्हणे. आणि सोबत तोच मेसेज, जो महिनाभर इथल्या, मिनेसोटातल्या, मराठी मंडळींच्या ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात असा:

"हरणाच्या शिकारीसाठी नवी रायफल घेऊन पैसे उधळू नका. जुनी लष्करी रायफल घ्या, घरच्या घरी दस्ता कापा, बोल्टचा दांडा वाकवा, दुर्बीण बसवा. निम्म्या किमतीत काम होतं. फौजेनं पारखलेली वस्तू आहे. जुन्या काळचं लोखंड आजच्यापेक्षा दणकट, ते फुटत नाही. फौजेची जुनी काडतुसंही स्वस्त मिळतात, तीच वापरा."

मी अकरा वर्षं भोसरीत फोर्जिंग आणि हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये, म्हणजे लोखंड तापवून ठोकण्यात आणि त्याला पाणी देण्यात काढली, इथे आल्यावरही तेच काम केलं. "जुनं लोखंड दणकट" हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. बाकीचे मुद्दे मागाहून बघू, आधी हा.

रायफलीत रिसीव्हर नावाचा पोलादी भाग असतो. बोल्ट, म्हणजे दांडा धरून मागेपुढे सरकवायचा भाग, त्यात जाऊन अडकतो आणि गोळी सुटताना काडतुसाचं बूड मागून धरून ठेवतो. नेम धरला की हा भाग तुमच्या डोळ्यापासून वीतभरावर असतो. या स्प्रिंगफील्डचं काडतूस .३०-०६. त्याचा दाब दर चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जातो. गाडीच्या टायरात ३५ पौंड असतो. हा दाब पेलायचा की नाही, हे त्या पोलादाला पाणी कसं दिलंय त्यावर ठरतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. पॉलिश कितीही चकाकू दे.

आता १९०३ च्या स्प्रिंगफील्डचा इतिहास ऐका. अमेरिकी फौजेच्या शस्त्रास्त्र विभागातले अधिकारी ज्युलियन हॅचर यांनी १९४७ साली 'हॅचर्स नोटबुक' हे पुस्तक काढलं. फुटलेल्या रिसीव्हरांची नोंद त्यात एकेक करून दिली आहे. १९१७ साली काही रायफली फुटल्या, चौकशी झाली, आणि कळलं की कारखान्यात तापलेल्या लोखंडाचा अंदाज कारागीर नुसत्या नजरेनं, रंगावरून घेत होते. तापमापक आणून लावले तेव्हा दिसलं की लख्ख उन्हाच्या दिवशी अनुभवी कारागिराला जो रंग "बरोबर" वाटतो, तो ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरेनहाइटपर्यंत जास्त तापलेल्या लोखंडाचा असतो.

यात मला आश्चर्य वाटत नाही, कारण मी हे पाहिलंय. आमच्या शॉपमध्ये हॅमरवर एक काका होते, तीस वर्षांचा हात. दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत यायला लागलं की ते पहिलं काम करायचे म्हणजे खिडकीवर गोणपाट टांगायचे. उजेडात तांबडा तुकडा फिका दिसतो, मग माणूस तो अजून भट्टीत ठेवतो. काकांना हे कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातही हात कसलेले होते. फसवलं उजेडानं.

जास्त तापलेल्या पोलादाचा दाणा मोठा होतो, ते ठिसूळ होतं. "मग परत पाणी देऊन घेऊ" असं एकानं ग्रुपवर लिहिलंय. नाही होत. करपलेली भाकरी पुन्हा तव्यावर टाकून नीट होते का? फौजेनंही हे करून बघितलं आणि सोडून दिलं. १९१८ मध्ये पद्धत बदलली, दुहेरी हीट ट्रीटमेंट आली, तेव्हापासूनचे रिसीव्हर चांगले आहेत. म्हणून रायफलीवर कोरलेला नंबर बघायचा. या रायफली दोन सरकारी कारखान्यांत बनायच्या. स्प्रिंगफील्ड आर्मरीचा ८,००,००० च्या खालचा आणि रॉक आयलंड आर्सेनलचा २,८५,५०७ च्या खालचा असेल, तर ती रायफल चालवू नका. हे माझं मत म्हणून सांगत नाही. अमेरिकी फौजेच्या जुन्या रायफली नागरिकांना विकणारा सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम स्वतःच हे सांगतो. ज्यांचा धंदाच या रायफली विकण्याचा, ते नको म्हणतात. आणि "फौजेनं पारखलेली" म्हणता, ती पारखही हीच: दुरुस्तीला आलेल्या रायफलीत असा रिसीव्हर सापडला की तो बाद करायचा, असं फौजेनं पुढे ठरवलं होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आजोबांनी चाळीस वर्षं वापरली, काही झालं नाही." खरं आहे. अशा दहा लाखांहून जास्त रायफली बनल्या आणि फुटल्याची नोंद मोजक्यांचीच आहे. पण सगळं सुरळीत असताना ठिसूळ पोलादही दाब पेलतं. कधीतरी काडतुसाचं बूड फाटतं, नळीत चिंधी किंवा बर्फ अडकलेला राहतो, आणि एकदम फटका बसतो. चांगलं पोलाद अशा वेळी फुगतं, वाकतं. ठिसूळ पोलादाचे काचेसारखे तुकडे होतात. हे तुकडे वीतभरावर उडणार आहेत, मी आधी अंतर सांगितलं ते यासाठीच.

भाच्याला मी विचारलं, नंबर काय? म्हणाला, "नंबर कुठे दिसतच नाही, मामा." दिसणार कसा? या रायफलीचा नंबर रिसीव्हरच्या पुढच्या कड्यावर, बरोबर वरच्या बाजूला असतो, आणि दुर्बिणीची बैठक नेमकी त्याच्यावर स्क्रूनं आवळलेली. मी त्याला व्हिडिओ कॉलवर ती काढायला लावली. चार स्क्रू. खाली जुन्या ग्रीसचा काळा थर होता, तो त्यानं टूथब्रशनं घासला. वर स्प्रिंगफील्ड आर्मरी, खाली सहा आकडे. पहिला आकडा सहा.

तो बराच वेळ काही बोलला नाही.

आता बाकीचं पटापट. बोल्टचा दांडा घरी गॅसनं तापवून वाकवा, असं मेसेजमध्ये लिहिणाऱ्याला मला विचारायचंय, ती धग बोल्टच्या पकडीच्या खिट्ट्यांपर्यंत गेली की तिथलं पाणी उतरतं, हे ठाऊक आहे का? पाणी उतरलेला बोल्ट दिसायला तसाच दिसतो. हे काम धग अडवायची साधनं असलेल्या गनस्मिथचं आहे.

किमतीचा हिशोबही जुनाच आहे. १९५०-६० च्या दशकांत युरोपातल्या फौजांच्या रायफली इथे टपालानं, वीसेक डॉलरला घरपोच मिळायच्या, तेव्हा हा उद्योग परवडत होता. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनं ती आयात थांबवली, पुढे ऐंशीच्या दशकात जुन्या, संग्रहाच्या रायफलींना परत वाट मिळाली. २०१० च्या सुमाराला मोसिन-नागां, म्हणजे रशियन फौजेच्या जुन्या रायफली, शंभर डॉलरच्या आसपास विकल्या जाताना मी पाहिल्यात. आज त्याच तीनशेच्या वर आहेत. त्यावर भोकं पाडून आटे काढणं, दांडा, दस्ता, चाप, दुर्बिणीखाली बसेल असा सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणूनचा खटका), सगळं धरलं की सॅव्हेज ॲक्सिस किंवा रूगर अमेरिकनसारखी कोरी रायफल स्वस्त पडते. शिवाय न कापलेली मूळ रायफल करवत लावून संग्राहकाच्या लेखी तुम्ही मातीमोल केलेली असते.

फौजेची काडतुसं हा मात्र मला सर्वांत घाणेरडा सल्ला वाटतो. लष्करी गोळीला पूर्ण धातूचं कवच असतं, ती जनावरात फुलत नाही, आरपार जाते. हरीण पळतं आणि कुठेतरी झुडपात तडफडून मरतं. मिनेसोटाच्या नियमांतही हरणासारख्या मोठ्या जनावरांच्या शिकारीला फुलणारी गोळीच लागते. वर जुन्या साठ्यांच्या प्रायमरमधले, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीतले, क्षार नळीत राहिले की गंज धरतो, पाण्यानं धुवावी लागते. बुडावर खडकीच्या कारखान्याचा 'के एफ' शिक्का असलेलं .३०३ चं काडतूस इथे हातात आलं की आपल्या माणसाला काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. ते शोकेसमध्ये ठेवा.

मेसेजमधलं एक मात्र मला मान्य करावं लागतं. जुन्या लष्करी रायफलींत काही खरोखर उत्तम आहेत. जर्मन माउझर ९८ ची रचना इतकी पक्की की आजच्याही कित्येक शिकारी रायफली तिच्यावर बेतलेल्या आहेत. खुद्द या स्प्रिंगफील्डमध्ये माउझरची इतकी उचल होती की अमेरिकी सरकारला माउझर कंपनीला दोन लाख डॉलर मोजावे लागले. कॅनडात उत्तरेकडच्या रेंजर्सनी ब्रिटिश फौजेची ली-एनफील्ड १९४७ पासून सत्तरेक वर्षं वापरली. पूर्वीच कोणीतरी कापून ठेवलेली, चांगल्या नंबराची रायफल गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा) तपासून घेतलीत, तर माझी हरकत नाही. पण बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची १९६० च्या दशकातली ७.६२ ची रायफल चालते म्हणून दिसायला तशीच असलेली .३०३ ची ली-एनफील्ड त्या काडतुसासाठी बदलून घेऊ नका. इशापूरनं त्यासाठी पोलादच वेगळं, जास्त मजबूत घेतलं होतं.

हा मेसेज पुण्या-नाशकाकडच्या नातेवाइकांपर्यंतही पोहोचलाय, म्हणून त्यांच्यासाठी: भारतात .३०३ हा सामान्य परवानाधारकाला निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे. म्हणून तर ली-एनफील्डच्याच घडणीवर नागरिकांसाठी .३१५ ची वेगळी रायफल बनवली गेली. आणि शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. तिकडे यातलं काहीच करू नका.

भाच्यानं रायफलीचा बोल्ट काढून माझ्याकडे आणून दिलाय. नोव्हेंबरमध्ये शिकारीला तो माझी दुसरी रायफल घेऊन येईल. पण परवा बोलता बोलता म्हणाला, त्या आजोबांच्या दोन होत्या. दुसरी त्या ऑफिसातल्या मित्राच्या भावाकडे आहे, तीही दुर्बीण लावलेली, आणि तो गेल्या आठवड्यातच तिच्यावर नेम बसवून आलाय. त्या भावाचा फोन नंबर मी मिळवलाय. आज संध्याकाळी तो कामावरून सुटला की मी त्याला फोन करतोय.