‘आधी सिक्युअर बूट बंद करा’ हा सल्ला आता घातक आहे

इंजिनिअरिंगची कॉलेजं सुरू झाली की एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: नव्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकायचं तर आधी सिक्युअर बूट (सुरू होताना मान्य सही नसलेला प्रोग्रॅम अडवणारी सोय) बंद करा; मग बायोस (लॅपटॉप चालू होताच आधी चालणारं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर) लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, मोडवर न्या; लिनक्स विंडोजचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) पुसणार हे धरून चाला; आणि विंडोजचं अपडेट लिनक्स उडवणारच, म्हणून दुसरी डिस्क घ्या. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मुलं याच क्रमाने एकेक गोष्ट करत जातात आणि पहिल्याच पायरीला अडकतात.

सिक्युअर बूट बंद करायची बहुतेकांना गरजच नाही. उबुंटू १२.१० आणि फेडोरा १८ या लिनक्सच्या आवृत्त्यांपासून, म्हणजे २०१२-१३ पासून, ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या डिजिटल सहीसह येतो. फर्मवेअर शिमची सही तपासतं, शिम ग्रबची (लिनक्सच्या बूटलोडरची) आणि मग कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची). डेबियन लिनक्समध्येही २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. आर्च लिनक्समध्ये मात्र ती आयती मिळत नाही, तिथे हाताने काम करावं लागतं. काही नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं ‘थर्ड पार्टी’ प्रमाणपत्र बंद ठेवलेलं असतं. तिथे फर्मवेअरमधला तेवढा एक पर्याय चालू करायचा, सिक्युअर बूटला हात लावायचा नाही.

बंद केल्यावर काय होतं तेही बघा. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर, होम आवृत्तीतसुद्धा, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते. तिची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये असते आणि सिक्युअर बूटच्या स्थितीशी बांधलेली असते. ती स्थिती बदलली की टीपीएम किल्ली देत नाही. विंडोज सुरू करायला गेलं की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की त्या खात्यात असते. आणि दुकानदाराने लॅपटॉप ‘चालू करून देताना’ स्वतःच्याच ईमेलने खातं उघडलं असेल तर तुम्ही ती आणणार कुठून? असं झालंच तर घाबरून डिस्क फॉरमॅट करू नका. सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं की बहुतेकदा कुलूप उघडतं. त्याहून बरं म्हणजे सुरुवातीलाच ती की कागदावर उतरवून ठेवा.

लेगसी मोडचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. नव्या लॅपटॉपवर विंडोज यूईएफआय या नव्या पद्धतीच्या मोडमध्ये, जीपीटी या नव्या मांडणीच्या डिस्कवर बसवलेलं असतं. लेगसीत ते सुरूच होत नाही. लिनक्स लेगसीत टाकलं तर दर वेळी फर्मवेअरमध्ये जाऊन मोड बदलत बसावं लागतं. कित्येक नव्या लॅपटॉपवर तो मोडच उरलेला नाही.

बूटलोडर पुसला जाण्याची भीती एके काळी खरी होती. जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बूट कोडसाठी जेमतेम ४४६ बाइट असायचे; शेवटी जो आला त्याची ती जागा. यूईएफआयमध्ये एक वेगळं फॅट३२ पार्टिशन (डिस्कचा राखीव भाग, ‘ईएफआय पार्टिशन’) असतं आणि त्यात प्रत्येकाचा आपापला फोल्डर असतो, एक ‘मायक्रोसॉफ्ट’, दुसरा ‘उबुंटू’. लिनक्स टाकल्यावर बदलतो तो फक्त फर्मवेअरमधला क्रम. सुरू होताना एफ१२ किंवा तुमच्या कंपनीची जी की असेल ती दाबा, ‘विंडोज बूट मॅनेजर’ यादीत दिसेल. फक्त पार्टिशन हाताने करताना हे ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करू नका. तसं केलंत तर मात्र विंडोजचा लोडर खरंच जाईल.

अपडेटची तक्रार पूर्ण खोटी नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांचं लिनक्स ‘एसबॅट’ची चूक दाखवून थांबलं. असुरक्षित जुने बूटलोडर नाकारणारी ही ‘एसबॅट’ नोंद त्या अपडेटने बसवली होती. दोन सिस्टिम असलेल्या मशीन त्यातून वगळायच्या होत्या, पण काही ठिकाणी त्या ओळखल्याच गेल्या नाहीत. लिनक्सच्या फायलींना धक्का लागला नव्हता. रिकव्हरी की हाताशी ठेवून सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन मोकयूटिल या आज्ञेने ती नोंद काढायची आणि पुन्हा चालू करायचं, एवढाच उपाय होता. शिवाय ही नोंद डिस्कवर नसते, मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या मेमरीत असते. म्हणजे पदरचे पैसे घालून दुसरी डिस्क घेतली असती तरी लिनक्स तसंच अडलं असतं.

ज्या दोन गोष्टी खरोखर रोज छळतात, त्यांचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्याच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. आणि लिनक्समधून परतल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी बदलू नका: लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं, विंडोज तीच वेळ भारतीय समजून वाचतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की झालं.